सात नंबरचा दगड आणि तुमची काहील

मु. मोहखेड, डोणगावच्या अलीकडे
बुधवार, घट बसायला पाच दिवस बाकी

थोरल्या मानाच्या विहीणबाई सत्यभामाबाई यांना,

मोहखेडहून रुखमाबाईचा पदर पसरून नमस्कार. (पदर काऊन पसरला ते पत्राच्या शेवटी कळेल. आधीच शेवट उघडून पाहू नये, ही विनंती.)

तुमचे गुडघे कसे आहेत? सुचितानं सांगितलं की तुम्ही एरंडाचं पान बांधता आणि वरून डॉक्टरची गोळीही घेता. गुडघा शहाणा असेल तर दोघांनाही थोडा थोडा गुण देईल, कोणाला नाराज करणार नाही. जावईबापू गोविंदराव, आमची सुचिता आणि लेकरं खुशाल असतील. सुलतानपूरला सोयाबीन कसं आहे? इकडं आम्ही ठीक आहोत. आमचे हे (उकंडराव) दिवसातून चार वेळा चहा घेतात, पाचव्यांदा मागतात तेव्हा मला ऐकू येत नाही. म्हैस मात्र दोन महिन्यांपासून रुसली आहे, तिचं कारण पुढं येईल. एवढं सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण विहीणबाई, रागावू नका, फोनवर तुम्ही मधात बोलता. पत्रात माणसाला पुरतं बोलता येतं. मी पन्नाशीत अक्षर शिकले ते एसटीच्या पाट्या वाचून, म्हणून माझ्या हातचं ‘मेहकर’ फार सुंदर येतं, बाकीचे शब्द सांभाळून घ्यावेत. आणि हो, बारा वर्षांपूर्वी सुचिताच्या लग्नात तुम्ही आमच्या गोधडीबद्दल एक वाक्य बोलला होता, ते मी मनात ठेवलेलं नाही.

अगोदर तुमच्या काहिलीचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. काहील सुखरूप आहे. तुमच्या सासऱ्यांच्या गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची, चार माणसांनी उचलायची, गेली वीस वर्षं गोठ्यात कुटार भरून ठेवलेली ती काहील मी आषाढात मरीमायच्या भंडाऱ्यासाठी म्हणून जावईबापूंकडून आणवली. भंडारा झाला, खोटं बोलत नाही. वांग्याची भाजी तिच्यात अशी शिजली की लोक पत्रावळी चाटत होते. पण भंडारा एका दिवसाचा असतो आणि काहील तुमच्या दारात यायची राहिली त्याला अडीच महिने झाले. या अडीच महिन्यांत ती कुठं होती? पाण्यात होती. पाण्याखाली नव्हे, पाण्यावर. आणि तिच्यात मी होते.

आता बसून घ्या.

आमचा तलाव तुम्ही पाहिलेला आहे. त्याच्या पाळीखाली एक विहीर आहे, तिचं पाणी तलावाच्या झिऱ्यानं भरतं. उन्हाळ्यात गावातल्या बाकी विहिरी घसा खाकरतात, तेव्हा सगळं गाव तिथूनच हंडा भरतं. तुम्ही वैशाखात आला होता आणि ‘पाणी गोड आहे हो तुमचं’ म्हणाला होता, ते तिथलंच. (त्या बोलण्याचा आनंद मी अजून पुरवून पुरवून वापरते.) तर आमचे उपसरपंच उत्तमराव यांनी तलावाच्या वरच्या अंगाला प्लॉट पाडले. चाळीस घरं होणार. घरं झाली म्हणजे मोऱ्या आल्या, संडास आले. ते सगळं एका नालीतून थेट तलावात सोडायचं, असा ठराव यायचा होता. मी आषाढातल्या ग्रामसभेत उठून म्हटलं की हे पाणी आम्ही पितो. उत्तमराव माणूस गोड. म्हणाले, “काकू, तलाव आधीच घाण आहे. चाळीस घरानं काय फरक पडते? नाही म्हनत असान तर दाखवा कागद.” सगळे माझ्याकडं पाहू लागले. माझ्याजवळ कागद नव्हता, पण तोंड होतं. मी म्हटलं, भादव्यात कागद आणते, नाही आणला तर या सभेत पुन्हा तोंड उघडणार नाही. विहीणबाई, तुम्ही मला ओळखता. मला तोंड मिटायला लावणं म्हणजे काय ते समजून घ्या.

कागद कसा आणायचा हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते चांगुणाला ठाऊक होतं. चांगुणा म्हणजे आमच्या बुद्धविहाराला लागून घर असलेली, अंगणवाडीत तीस वर्षं मदतनीस होती ती. सुचिताच्या हळदीला जिनं तुमच्या दिराला नाचायला लावलं, तीच. तिच्या भाचीला मेहकरच्या कॉलेजात योगिनी नावाच्या मॅडम शिकवायला आहेत. या मॅडम सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी घेऊन तळ्याधरणांवर जातात, होडीतून काठाकाठानं फिरतात आणि काठाचं सगळं टिपून ठेवतात: पाणी किती नितळ, काठ कुठं ढासळला, फवारणीच्या बाटल्या कुठं पडल्या, फेस कुठं आहे. पगार नाही, भत्ता नाही, हौस. त्या नोंदी पुढं वरच्या कचेरीत जातात आणि तलाव सांभाळायला कामी येतात. मॅडम आल्या, तलाव पाहिला, खूष झाल्या. पिशवीतून घडी घातलेली होडी काढली, पंपानं हवा भरली, पाण्यात ढकलली, आणि आमच्या काठच्या बाभळीनं तिचं स्वागत केलं. एकच काटा. होडी अशी ‘फुस्स’ करत बसली की जणू तिलाच आमच्या गावात राहायचं नव्हतं. मॅडमचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यापुढं मात्र अंगणात पालथी पडलेली तुमची काहील आली.

बाभळीच्या बापाचं तिच्यापुढं काही चाललं नसतं. एक चीर होती ती डांबरानं बुजवली. बाजूनं ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब बांधली (घाबरू नका, सगळी काळजी घेतली होती, शिवाय चांगुणा आणि मी दोघी लहानपणी पाठीला पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या). वल्हं म्हणून दोघींनी आपापली धुण्याची मोगरी घेतली. पहिल्या दिवशी सगळं गाव पाळीवर जमलं होतं. आम्ही समोरासमोर बसलो, गप्पा मारायला सोपं म्हणून. मी पुढं म्हणून मोगरी मारली की तिचं ते मागं, आणि तिनं पुढं मारली की माझं मागं. काहील मुळात गोल. ती जागच्या जागी गरगरा फिरू लागली. अर्धा तास आम्ही कुठंच गेलो नाही, पण बाराही दिशा पाहिल्या. पाळीवरून आमच्या ह्यांनी ओरडून विचारलं, “काऊन वं, दही घुसळून राह्यल्या का?” चांगुणा ओरडली, “या भाऊजी, ताक प्याले या!” शेवटी दोघी शेजारी शेजारी बसलो, तोंडं एकीकडं केली, आणि तुमची काहील चालू लागली. पंचेचाळीस वर्षं मी या तलावाच्या काठावरून तलाव पाहिला. तलावातून काठ पाहिला तो त्या दिवशी. आपलं गाव किती लहान आहे आणि किती लोक काहीच काम न करता पाळीवर उभे असतात, हे तिथून नीट दिसतं.

मॅडमनी काठावर बारा ठिकाणी पांढरा रंग मारून नंबर घातले. दर नंबरला काहील थांबवायची आणि थाळी सोडायची. थाळी म्हणजे जेवायचीच, पण तिच्यावर दोन पाव काळे, दोन पाव पांढरे रंगवलेले. मधून दोरी, दोरीला वितीवितीवर गाठ. थाळी पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. जितक्या जास्त विती, तितकं पाणी नितळ. सोपं काम. तरी पहिल्याच नंबरवर भांडण झालं. मी म्हटलं दोन विती, चांगुणा म्हणाली पाच. पुन्हा सोडली, मी म्हटलं पाच. तिसऱ्यांदा मी म्हटलं दोन. चांगुणानं मोगरी खाली ठेवली. “रुखमाबाई, कोन्या डोयानं पाहून राह्यली तू?” तेव्हा उलगडा झाला. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, डाव्याचा बाकी आहे. उजव्या डोळ्याचा तलाव नितळ होता आणि डाव्या डोळ्याचा गढूळ. मॅडमनी वहीत लिहून ठेवलं: सर्व नोंदी रुखमाबाईंच्या उजव्या डोळ्याने. तो कागद आता वरच्या कचेरीत गेला आहे, म्हणजे माझा उजवा डोळा सरकारदप्तरी लागला. डावा बिचारा पेन्शनीत.

आषाढ, श्रावण, भादवा, तीन फेऱ्या करायच्या होत्या. दोन फेऱ्या लोण्यासारख्या झाल्या. म्हशीला तलावात बसायची बंदी झाली, कारण ती बसली की तीन नंबर गढूळ होतो (रुसण्याचं कारण हेच). उत्तमरावांच्या प्लॉटखाली अकरा नंबर, तिथं साडेचार विती, काचेसारखं पाणी. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते: पाहा, जिथं तुमची नाली येणार तिथं पाणी असं आहे. तलाव घाण आहे म्हणता, कुठं आहे?

कुठं आहे ते भादव्यात कळलं. गेल्या रविवारी, म्हणजे पितरपाखात, घट बसायच्या आधीची धुणी गावात जोरात सुरू झाली होती. घरातलं एकेक फडकं, सगळ्या गोधड्या, वाकळा तलावावर. आपल्या तिकडंही असंच असतं, तुम्हाला काय सांगायचं. आम्ही एक ते सहा मोजून सातवर आलो. थाळी सोडली. सोडली म्हणता म्हणता गेली. एक वीत. मी आधी थाळीवर संशय घेतला, ती पुसली. मग डोळ्यावर घेतला, तो पुसला. मग चांगुणावर घेतला, तिनं दोरी माझ्या हातात दिली. “घे, तूच सोड माय.” एकच वीत. वर फेस, काठाला साबणाचे कागद आणि सोड्याच्या रिकाम्या पुड्या, माशांची चार पिल्लं पांढरी पोटं वर करून. मान वर करून काठ पाहिला तर समोर ओळखीचा दगड. सपाट, मधात खोलगट, उजवीकडं साबण ठेवायला खाच. विहीणबाई, तो माझा दगड आहे. नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं मी त्याच्यावर धुणं आपटलं आहे. ती खाच माझ्या साबणानं पडली. शेजारचा चांगुणाचा. पुढं ओळीनं गावच्या सगळ्या बायांचे. नळी नाही, नाली नाही, उत्तमराव नाहीत. आम्हीच. आणि आम्ही मोजायला कोणती हत्यारं घेऊन आलो होतो? मोगऱ्या.

चांगुणानं थाळी वर ओढून मांडीवर घेतली. म्हणाली, “लिव. जे आहे ते लिव.” वही घरी आणली. आमचे हे चहा पीत म्हणाले, “सातवर चार लिह ना. कोन येते पाहाले? नाही त उत्तमराव तुले तुह्याच साबनानं धुईन.” मी चार लिहिलं. मग खोडलं. मग एक लिहिलं, तेही खोडलं, पुन्हा चार, पुन्हा खोडलं. शिवमचा, म्हणजे माझ्या नातवाचा, खोडरबर चांगला होता पण कागद गरीब होता. सातच्या जागी वहीला भोक पडलं.

मंगळवारी, म्हणजे काल, शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा. इतकी गर्दी मी लग्नातही पाहिली नाही. मी वही ग्रामसेवकांना दिली, त्यांनी उत्तमरावांना. उत्तमराव एकेक ओळ वाचत गेले, अकरावर आल्यावर जरा खोकले. मग परत वर गेले, वही उचलून डोळ्याला लावली आणि भोकातून सगळ्या सभेकडं पाहिलं. “काकू, सात नंबरवर त पार पलीकडलं दिसून राह्यलं! इथं काय झालं?” सभा खो खो हसली. मी उठले, गुडघे तुमच्यासारखेच वाजले. त्या वेळी मला अजूनही ‘उंदरानं खाल्लं’ म्हणता आलं असतं. पण समोर दोनशे माणसं होती आणि त्यातलं प्रत्येक माणूस त्या विहिरीचं पाणी पिऊन आलं होतं. मी म्हटलं, “तिथं माहा दगड आहे, उत्तमराव. एक वीत. तलावात सगळ्यात घाण पानी मी धुणं धुते तिथं आहे. ह्यांनी चार लिव म्हटलं म्हनून लिवलं, लाज वाटली म्हनून खोडलं.” (आमचे हे तेव्हा चप्पल शोधायला बाहेर गेले.)

उत्तमरावांचा चेहरा असा उजळला, जसा प्लॉट विकला गेल्यावर उजळतो. “मंग काकू, आधी तुमचा साबन बंद करा, आन् मंग माही नाली अडवा.”

“बंद,” मी म्हटलं.

“कवापासून?”

“आत्तापासून.”

“घट बसाले सहा दिवस राह्यले! गावभरच्या गोधड्या कुठं धुसान?”

“ते आमचं आम्ही पाहू. तुमची नाली कवापासून बंद, ते सांगा.”

सगळ्या बाया माझ्याकडं अशा पाहत होत्या की नाली परवडली. चांगुणानं मला मागून असा चिमटा काढला की त्याचा वळ आजही आहे, आणि चिमटा काढूनच ती उठली. “हिच्या दगडाले लागून माहा दगड आहे. मी बी बंद.” मग तिसरी उठली. मग एकेक करून सेहेचाळीस बाया. चार नंबरच्या काठावर ट्रॅक्टर धुणारे उगाच वर आढ्याकडं पाहू लागले, त्यांनाही उभं केलं. उत्तमरावांनी वहीकडं पाहिलं, ग्रामसेवकांकडं पाहिलं. ग्रामसेवक लेखणी उघडून बसलेले, आणि त्यांनी उत्तमरावांचं वाक्य आधीच लिहून टाकलं होतं. शब्द गेला होता. खरं सांगते, माणूस वाईट नाही. डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, “हारलो काकू. पानी माह्याच प्लॉटात जिरवतो.” शोषखड्डे त्यांच्याच जागेत, नाली रद्द, तलावाच्या पन्नास पावलांत साबण, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप काहीच धुवायचं नाही. आणि बायांसाठी दूर अंतरावर धुण्याचा ओटा, त्याचं सांडपाणी झाडांना. ठराव झाला. खाली पहिली सही माझी, अंगठा नव्हे. मी एसटीच्या पाटीच्या वळणाची अशी ठसठशीत सही केली की ग्रामसेवकांना पुढच्या पानावर जावं लागलं.

सभा सुटल्यावर लोकांनी आम्हा दोघींना तलावापर्यंत वाजत नेलं. सभेला आलेल्या योगिनी मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत स्वतःच्या काठाचा दोष स्वतः लिहून देणारं गाव मी पाहिलं नाही. मी म्हटलं, लिहून कुठं दिला, भोक पाडून दिला. सगळे पांगल्यावर मी सात नंबरच्या दगडावर जाऊन बसले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यावर काम नसताना बसले. बसायला चांगला आहे हो.

तर असं झालं. तुमच्या काहिलीनं आमची विहीर राखली. तुमच्या सासऱ्यांच्या आत्म्याला या पितरपाखात यापेक्षा गोड घास मिळाला नसेल. घरच्या सर्वांना यथायोग्य. सुचिताला म्हणावं, आईची काळजी करू नको, आई बुडत नाही.

तुमची विहीण,
रुखमाबाई उकंडराव

ता. क. १: काहिलीच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या रंगात ‘सत्यभामा’ लिहिलं आहे. होडीला नाव लागतं असं मॅडम म्हणाल्या. चांगुणानं ‘रुखमा’ सुचवलं होतं, मी मोठेपणा तुम्हाला दिला. रंग निघत नाही.

ता. क. २: ओटा दिवाळीनंतर बांधून होणार. घट सोमवारी. हापशाच्या पाण्याला फेस येत नाही, आणि एक गोधडी भिजवायची म्हणजे दिवसभर दांडा मारायचा. गावच्या सगळ्या बायांनी आपापली गाठोडी माहेरी लावली आहेत. चांगुणाची काल बीबीला, तिच्या माहेरी गेली. माझ्या माहेरी नळ आठव्या दिवशी येतो हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या दारात बोअर आहे, मागं लिंबाची झाडं तहानलेली आहेत, अंगण मोठं आहे. मुलीच्या सासरी आईनं मळक्या गोधड्या पाठवायच्या, असं आपल्यात आजवर कोणी केलेलं नाही. मी ही पहिलीच. म्हणून पदर.

ता. क. ३: अठरा गोधड्या, तीन वाकळा. भिजवायला भांडं लागेल म्हणून काहीलही परत पाठवते आहे. गोधड्या तिच्यातच भरल्या आहेत. कोजागिरीच्या आधी तिला परत पाठवावं, पुढची फेरी आहे. तेव्हा तुम्हीही सोबत या. मधात बसा, वल्हवू नका.

ता. क. ४: हे पत्र सगळ्यात वरच्या गोधडीत खोचलं आहे, म्हणजे तुम्ही इथवर वाचलं तेव्हा टेम्पो तुमच्या दारात उभा आहे. ड्रायव्हरला चहा द्यावा.

ता. क. ५: राग आला असेल तर एवढंच आठवावं. लग्नात तुम्ही सगळ्या पाहुण्यांत म्हणाला होता, “तुमच्या गोधडीचं अस्तर पिवळट दिसतं हो.” मनात ठेवलं नाही असं मी वर लिहिलं आहे, ते तेवढं खोडरबर न मिळाल्यामुळं राहून गेलं. त्या दिवसापासून बारा वर्षं मी सोडा दुप्पट टाकत आले. सात नंबरच्या पाण्यात तुमचाही वाटा आहे, विहीणबाई. यंदा सोडा नको. लग्नात दिलेली ती गोधडीही सोबत भिजवा. पिवळट निघाली तर निघू द्या, दोघी मिळून तीच अंगणात अंथरून बसू.